एक बोट खांद्याशी

बैठकीला एकवीस माणसं होती, त्यात सोळा बायका, आणि दीड तास उलटला तरी त्या सोळांपैकी एकीचाही आवाज निघाला नव्हता. निघायला फट तर हवी! माउंट नेबो या काळ्या लोकांच्या चर्चच्या तळघरात पुढच्या टेबलाशी रेव्हरंड कोल्टर, चर्चचे दोन पंच आणि अटलांटाहून आलेला ट्रॅव्हिस नावाचा चष्मेवाला कार्यकर्ता बसले होते. सोमवारी कोर्टासमोर रांग लावून काळ्या लोकांनी मतदार यादीत नावं नोंदवायची, एवढं ठरलं होतं. आता गाणं कोणतं म्हणायचं, आधी भाषण कोणाचं, वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याला कुठल्या बाजूला उभं करायचं, यावर पुरुषमंडळी हमरीतुमरीवर आली होती.

मागे दाराशी ओझेला हेअरस्टन उभी होती. ती कायम दाराशीच उभी असे. बावीस वर्षं ती या चर्चच्या दारावरच्या सिस्टरांची प्रमुख होती. पांढरा झगा आणि पांढरे हातमोजे घालून येणाऱ्याला जागेवर बसवायचं, भोवळ आलेल्याला वारा घालायचा, रडकं पोर बाहेर न्यायचं, हे त्यांचं काम. आणि प्रार्थना चालू असताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. त्यामुळे ओझेलाने हात वर केला तेव्हा रेव्हरंडांना वाटलं, कॉफी संपली.

"काय सिस्टर? दूध संपलं का?"

"दूध आहे, साखर आहे. मला एक विचारायचंय. सकाळी सातला रांगेत उभं राहायचं, कचेरी नऊला उघडणार, चारला बंद होणार. रांग सोडली की नंबर गेला. मग बायकांनी लघवीला कुठे जायचं?"

ट्रॅव्हिसने समोरचे कागद उलटसुलट केले, जणू उत्तर त्यात कुठेतरी टाइप केलेलं असावं. एका पंचाला खोकला आला. मागच्या बाकांवर मात्र पंधरा बायकांनी एकदम श्वास सोडला, कारण प्रत्येकीच्या मनात तोच प्रश्न होता आणि विचारायची लाज वाटत होती.

"सिस्टर, मुद्दा रास्त आहे," ट्रॅव्हिस म्हणाला, "पण हे जरा बारीकसारीक काम झालं. त्यासाठी बायकांची एक समिती नेमू या."

"समिती आहेच, बाळा," ओझेला म्हणाली. "आजवर तुम्ही तिच्याकडे फक्त कॉफी मागत होतात."

तिच्या प्रश्नामागे एक माणूस होतं: तिची सासू, ल्युसिंडा. चर्चमधल्या मानाच्या म्हाताऱ्या बायकांना मदर म्हणायची रीत होती, म्हणून गावातले सगळे काळे लोक तिला मदर म्हणत, आणि ओझेलाही. वय चौऱ्याहत्तर, अंगात साखरेचं दुखणं, डोळ्यांत मोतीबिंदू. या बाईने तीनदा कोर्टाची पायरी गाठायचा प्रयत्न केला होता. गेल्या मार्चमध्ये पाच तास उभी राहिली आणि मग तिला थांबवेना. ओझेलानेच तिला कोपराला धरून रांगेतून बाहेर काढलं. नंबर गेला तो गेलाच, वर घरी पोचायच्या आत, भर रस्त्यात, व्हायचं ते झालंच. मदर तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "अजून एकदाच जाईन, ओझेला. नाही जमलं तर त्या कोर्टाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस."

आपणच तिला बाहेर काढलं, ही गोष्ट ओझेलाच्या जिवाला खात होती.

ओझेलाचं पोट इस्त्रीवर होतं. गोऱ्यांचे कपडे घरी आणायचे, धुऊन, खळ घालून, इस्त्री करून त्यांच्या मागच्या दाराशी नेऊन द्यायचे. वर्षभर त्या इस्त्रीच्या फळीशेजारी बसून मदर भिंग घेऊन अक्षरं गिरवत होती. नावनोंदणीचा चार पानांचा अर्ज, एकही खाडाखोड नको, वर राज्यघटनेतलं काहीतरी विचारणार. ओझेला कॉलर दाबता दाबता प्रश्न विचारायची आणि मदर उत्तरं द्यायची. त्यातल्या पुष्कळशा कॉलरी स्टॉडर्ड नावाच्या पोलिसाच्या होत्या. सोमवारी कोर्टाच्या दाराशी उभा राहणारा तोच.

गुरुवारी संध्याकाळी ओझेलाने चर्चची बाकं हलवली आणि जमिनीवर खडूने कोर्ट काढलं. इथे पायऱ्या, इथून रांग सरळ, इथे कोपरा, मग वळून बाजूच्या गल्लीत. त्या गल्लीत, रांगेच्या अगदी समोर, ब्रदर डेव्हनपोर्ट यांचं दुकान होतं. काळ्या लोकांचे अंत्यविधी तेच करत. दुकानात बारा खुर्च्या होत्या, पिण्याचं पाणी होतं आणि मागे स्वच्छ संडास होता.

"मेल्याशिवाय मी त्या दारातून आत जाणार नाही," मदरने जाहीर केलं.

"मदर, या खेपेला चालत जाल आणि चालत परत याल. असा मान आजवर कुणाला मिळालाय?"

बेत साधा होता. रांगेत जो गोरा पोलीस फेऱ्या मारतो, तो डोकी मोजतो. तोंडं तो पाहत नाही. काळी बाई, पांढरा झगा, पांढरी टोपी, एवढंच त्याला दिसतं, आणि दुसरी तशीच बाई तिच्या जागी आली तर त्याला ढिम्म कळत नाही. "आयुष्यभर यांनी आपल्याकडे धड बघितलं नाही," ओझेला म्हणाली, "तर एक दिवस त्याचा फायदा तरी घेऊ." म्हणून रांगेतल्या आणि बदलीसाठी दुकानात थांबणाऱ्या सगळ्या बायकांनी दारावरच्या सिस्टरांसारखे पांढरे झगे घालायचे. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना ओझेलाने दिले. तीन दिवस तिची इस्त्री गार झाली नाही.

आणि बोलायचं कसं? रांगेतल्या माणसांशी बोलायला, त्यांना काही खायला द्यायला बंदी होती. दिलं की देणाऱ्यालाही उचलत. पण दारावरच्या सिस्टरांना बोलायची गरज होतीच कुठे! डावा हात पाठीशी घडी करून उभं राहायचं आणि उजव्याने खुणा करायच्या, हे त्या पोरवयापासून करत आल्या होत्या. एक बोट खांद्याशी धरलं म्हणजे एक जागा रिकामी आहे, माणूस पाठव. तळवा छातीवर म्हणजे कुणाला तरी भोवळ येतेय. आणि बंद मूठ वर म्हणजे प्रार्थना चालू आहे, आहात तिथे थांबा, मान खाली. माउंट नेबोत या खुणा दूधपित्या पोरांनाही कळत.

रांगेत दर आठ माणसांमागे एक सिस्टर ठेवली. मदरच्या पाठीशी नेओमा. एकोणीस वर्षांची, नवीन, भित्री, पण शिस्तीची पक्की.

"नेओमा, मदर तुझ्या जबाबदारीवर," ओझेलाने तिला बजावलं.

"हो सिस्टर. चर्चमध्ये करते तस्संच करेन."

हे वाक्य ओझेलाने तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

सोमवारी सकाळी सातला साठ माणसं उभी राहिली. ऑक्टोबर असून ऊन भर उन्हाळ्यासारखं लागत होतं. स्टॉडर्डने पायरीवरून सगळ्यांना सुनावलं, "रांग मोडली की रांग बंद. एकाने मोडली तरी सगळे घरी!" त्याची कॉलर कडक होती. ती कुणी केली ते त्याला माहीत होतं, पण रस्त्यापलीकडे उभी असलेली बाई तीच, हे काही त्याला उमजलं नाही. मागच्या दाराशी पाहिलेलं माणूस पुढच्या रस्त्यावर कोण ओळखतो!

दहा वाजता दुसरा पोलीस, डोकी मोजणारा, गल्लीत आला. डेव्हनपोर्टांच्या दाराशी पाच बाया पांढरे हातमोजे घालून गंभीर चेहऱ्याने उभ्या पाहून त्याने आपला आवाज खाली आणला.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही, साहेब," ओझेला म्हणाली. "वाट बघतोय."

त्याने मान हलवली आणि पुढे गेला. तो पुढच्या बाजूला वळला की कोपरा दोन मिनिटं कुणालाच दिसत नसे. त्या दोन मिनिटांत खांद्याशी बोट जायचं, इकडची बाई तिकडे, तिकडची इकडे. खुर्ची, पाणी, संडास, मक्याच्या भाकरीचा तुकडा, आणि पुढच्या फेरीला परत जागेवर. मदर सकाळपासून दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा हातमोज्यात लपवून पेपरमिंटची गोळी तिच्या हातात पोचली. रांगेतले पुरुष हे सगळं टकामका बघत होते. बाराच्या सुमारास ब्रदर ईसन, जे बैठकीत गाण्यावरून सर्वांत जास्त भांडले होते, रांगेतून सरकत कोपऱ्याशी आले आणि जवळच उभ्या ओझेलाकडे न बघता पुटपुटले, "सिस्टर ओझेला, माझ्या मापाचा झगा आहे का हो?"

"तुम्ही गाणं म्हणा, ब्रदर," ओझेला ओठ न हलवता म्हणाली.

पण दुपार झाली तसा तिचा हिशेब तिलाच घाबरवायला लागला. माणसं एकेक करून आत जात होती, आणि एकेकाला पाऊण तास लागत होता. मुद्दाम लावत होते, हे काय सांगायला हवं? पावणेतीन वाजता मदर पुढच्या बाजूला, पायऱ्यांपाशी पोचली होती, पण तिच्यापुढे अजून चौघं होती. चारला दार बंद. ओझेला रस्त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यावर आली, तिथून पायऱ्या दिसत. मदर ताठ उभी होती. तिने काही खाल्लं होतं, ती कोरडी होती, तिचे पाय शाबूत होते, आणि तरीही जमणार नव्हतं. एवढं करून ते म्हातारं माणूस पुन्हा हात हलवत घरी येणार, आणि कोर्टाचं नाव घरात कायमचं बंद होणार. ओझेलाला रडायलाही सवड नव्हती.

तीनचे ठोके पडले आणि कोर्टाचं दार उघडलं. एरवी एक फळी उघडायची. या वेळी आतल्या कारकुनाला कसलं तरी मोठं खोकं बाहेर न्यायचं होतं, म्हणून दोन्ही फळ्या सताड उघडल्या. माउंट नेबोत दोन्ही फळ्या वर्षानुवर्षं एकाच कारणासाठी उघडत आल्या होत्या: प्रार्थना सुरू होतेय, आणि मदर सगळ्यांच्या आधी आत जाणार.

नेओमाचा डावा हात पाठीशी गेला. उजवं कोपर पुढे आलं. मदरने न बघता त्यावर हात ठेवला. आणि दोघी निघाल्या.

रांग सोडून! सरळ पायऱ्यांकडे! चौघांच्या पुढून! आणि ती चौघं तरी कशी? मदर येताना दिसली तशी बाजूला झाली आणि ब्रदर ईसननी तर किंचित मानही झुकवली. यातल्या एकानेही विचार केला नव्हता. बावीस वर्षं ओझेलाने घोटून घोटून शिकवलेली शिस्त आपली आपण चालत होती.

"ए!" स्टॉडर्ड ओरडला आणि त्याचा हात दांडक्याकडे गेला. एकाने मोडली तरी सगळे घरी.

ओझेला रस्त्यापलीकडे होती. धावत जाणं शक्य नव्हतं, ओरडणं त्याहून नव्हतं. तिला जे येत होतं ते तिने केलं. बंद मूठ वर केली.

पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या सिस्टरने पाहिलं आणि तिनेही मूठ उचलली, मग तिच्या पुढचीने. साठ माणसं जागच्या जागी थिजली. साठ माना खाली गेल्या. गाणं थांबलं, खोकला थांबला, रस्त्यावरची एक गाडीसुद्धा हळू झाली. फोटोवाल्याने टोपी काढली. आणि स्टॉडर्ड, जो स्वतः दर रविवारी पलीकडच्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, त्याचा दांडक्याकडे गेलेला हात वाटेतच वळला आणि डोक्यावर गेला. टोपी निघून छातीशी आली. त्याच्या आईनेही त्याला काहीतरी शिकवलं होतंच की.

नेओमा पायरीवर दगडासारखी थांबली, कारण प्रार्थनेत चालायचं नसतं. पण मदरला मोतीबिंदू. तिला मूठही दिसली नाही आणि माना खाली गेलेल्याही दिसल्या नाहीत. तिने नेओमाचं कोपर सोडलं, काठी टेकली आणि एकेक पायरी चढायला लागली. त्या शांततेत फक्त काठी वाजत होती.

स्टॉडर्डसमोर ती पोचली. प्रार्थनेत ओरडता येत नाही. तो कुजबुजला, "ए आंटी, कुठे निघालीस?"

"आत. बसायला," मदरही कुजबुजली. "पाय गेले रे माझे. जरा दार धर."

त्याच्या एका हातात टोपी होती. दुसऱ्या हाताने त्याने दार धरलं.

फळ्या मिटल्या तरी ओझेलाने मूठ खाली घेतली नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे नेओमाने नंतर तसं सांगितलं, कारण एवढ्या जवळ तीच होती. नेओमाने किंचित मान हलवली, तेव्हा कुठे ओझेलाने हात खाली घेतला. सगळ्या माना वर आल्या. स्टॉडर्डने हातातल्या टोपीकडे पाहिलं, मिटलेल्या दाराकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. आता रांग मोडली म्हणायचं तर ती मोडताना दार धरलं कुणी, हा प्रश्न आला. "सरळ उभे राहा!" तो खेकसला. सगळे आधीपासून सरळच उभे होते.

नेओमा रडवेली झाली होती. तिने चोरून रस्त्यापलीकडे पाहिलं. ओझेलाने डोळे वटारले, मग राहवलं नाही, आणि हसू आवरायला तिला डेव्हनपोर्टांच्या दुकानात जावं लागलं. तिथल्या खुर्चीवर बसून ती हसली आणि मग पोटभर रडली. ब्रदर डेव्हनपोर्टनी सवयीने रुमाल पुढे केला.

चार वाजून दहा मिनिटांनी मदर बाहेर आली. चारही पानं भरली होती, एकही खाडाखोड नाही. घटनेचं जे कलम विचारलं ते स्टॉडर्डच्या निळ्या शर्टाच्या वेळी पाठ केलेलं निघालं. ओझेला पुढे धावली.

"कसं झालं, मदर?"

"खुर्ची चांगली होती," मदर म्हणाली. "गादीची."

ब्रदर ईसन आणि मदरच्या पुढची बाकीची तिघं त्या दिवशी राहून गेली. ईसन घरी जाताना कुरकुरत होते, पण मिशीत हसत होते. पुढच्या खेपेला त्यांना पहिले चार नंबर मिळतील असं सिस्टरांनी बघितलं. वर्तमानपत्रात ट्रॅव्हिस आणि रेव्हरंडांचा मोठा फोटो आला. मागे धूसर पांढऱ्या आकृत्या होत्या. खाली छापलं होतं की आजारी लोकांसाठी नर्सही हजर होत्या. ओझेलाने तो कागद इस्त्रीच्या फळीखाली घातला, फळी डुगडुगत होती म्हणून. ट्रॅव्हिस मात्र स्वतः आला, चष्मा पुसत म्हणाला, "सिस्टर, शेजारच्या जिल्ह्यात रांग लावायचीय. तुमच्या समितीतलं कुणी येईल?"

"आधी सांग, तिथे संडास कुठे आहे?" ओझेला म्हणाली. त्याने खिशातून नकाशा काढला. त्यावर त्याने खूण करून आणली होती. पोरगं शिकत होतं.

मदरचं मतदार कार्ड नोव्हेंबरच्या शेवटी टपालाने आलं. तिने ते भिंगाखाली धरून अकरा वेळा वाचलं आणि बायबलात ठेवलं.

त्या रविवारी रेव्हरंड कोल्टरनी व्यासपीठावरून आभार मानले. ट्रॅव्हिसचे, पंचांचे, फोटोवाल्याचे, आणि "आपल्या भगिनींचेही". ओझेला दाराशी उभी होती, डावा हात पाठीशी. तिला राग आला नाही असं कसं म्हणावं? आला. पण पाय इतके दुखत होते की रागाला फार वेळ देता आला नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावर, जिथे फक्त म्हाताऱ्या मदर बसतात तिथे, एक हात वर आला. एक बोट, खांद्याशी. एक जागा रिकामी आहे, माणूस पाठव.

ओझेलाने मागे पाहिलं. उशिरा आलेलं कुणीच नव्हतं. तिने मान हलवली: माणूस नाही. मदरने वळून तिच्याकडे असं पाहिलं, जसं फक्त सासूला पाहता येतं, आणि बोट पुन्हा खांद्याशी नेलं. मग शेजारची रिकामी जागा तळव्याने थोपटली.

ओझेला मधल्या वाटेने पुढे गेली. सगळं चर्च बघत होतं. ती बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती प्रवचनाला बसली होती. तिने बुटांतून टाचा बाहेर काढल्या, डोकं सासूच्या खांद्याकडे कललं, आणि दुसरं वचन पुरं व्हायच्या आत तिला गाढ झोप लागली. जराशी घोरतही होती.

दारावरून नेओमा लगबगीने आली, सिस्टरला हलवून जागं करायला, कारण प्रवचनात झोपलेल्याला उठवायचं हा नियम ओझेलाचाच. मदरने तिला येताना पाहिलं नसेल, पण पावलं ऐकली. तिने बंद मूठ वर केली, आणि नेओमा होती तिथे थांबली.